गिरणी, मॉल, टॉवर: एकाच जमिनीचे तीन जन्म

आजचा भाग एका मेसेजमुळे होतोय. विद्यानगरला शिकणाऱ्या एका श्रोत्याने विचारलं, "दादा, मोठ्या शहरांतले जुने मॉल पाडून आता फ्लॅटचे टॉवर करायचं चाललंय म्हणे. मग एवढे मॉल बांधले कशाला? आणि आपल्या कराडला याचं काय?"

दुसरा प्रश्न मला जास्त आवडला. कारण या गोष्टीत कराड अगदी सुरुवातीपासून आहे. फक्त मॉलच्या जाहिरातीत आपलं नाव कधी आलं नाही.

आधी मॉलचं बघू. मुंबईत हाजीअलीजवळ १९९९ मध्ये 'क्रॉसरोड्स' सुरू झाला. देशातल्या पहिल्या काही मॉलमधला तो एक. आधी त्या जागेवर औषधांचा कारखाना होता. मॉल उघडला आणि सरकते जिने बघायला एवढी गर्दी लोटली की दारावर अट घालावी लागली: मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवा, नाहीतर ६० रुपये भरून आत या. आज तुमच्यातल्या प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, म्हणून हसू येतं. पण १९९९ मध्ये मोबाइल दाखवा म्हणजे श्रीमंती दाखवा. बोंबाबोंब झाली, अट गेली. पुढे मालक बदलला आणि मॉलचं नाव 'सोबो सेंट्रल' झालं. हळूहळू आतली दुकानं उठत गेली. शेवटी २०२४ मध्ये कर्जवसुलीत ती जागा सुमारे ४७६ कोटींना विकली गेली. म्हणजे पंचवीस वर्षांत खेळ खलास. आपल्या पेठेतलं एखादं किराणा दुकान यापेक्षा जास्त टिकतं!

हा एकटाच नाही. नाइट फ्रँक या संस्थेच्या पाहणीनुसार २०२३ मध्ये देशातल्या आठ मोठ्या शहरांत असे ६४ 'भुताटकी' मॉल होते. भुताटकी म्हणजे ४० टक्क्यांहून जास्त जागा रिकामी. सगळी मिळून १ कोटी ३३ लाख चौरस फूट.

का मेले हे? ऑनलाइन खरेदी हे सोपं उत्तर आहे, पण अर्धंच. त्याच काळात काही मॉल तुडुंब चालले. फरक होता मालकीचा. बऱ्याच बिल्डरांनी मॉलमधले गाळे सुटे सुटे विकून टाकले. कुणी डॉक्टरने गुंतवणूक म्हणून घेतला, कुणी परदेशातल्या मुलाच्या नावावर. आता एका मजल्यावर चाळीस मालक. एसी बंद पडला तर पैसे कोण भरणार? मोठं दुकान आणायचं तर शेजारचे चार गाळे एकत्र करायला चार जणांच्या सह्या हव्यात, आणि त्यातला एक दुबईत. ज्यांनी गाळे विकले नाहीत, भाड्याने दिले आणि आत कोण हवं ते स्वतः ठरवलं, त्यांचे मॉल जगले.

मग रिकाम्या मॉलमध्ये घरं का करत नाहीत? पाडायचं कशाला? ऐका, हे भारी आहे. मॉल मुद्दाम बिनखिडक्यांचा बांधतात, म्हणजे आत दिवस की रात्र ते कळू नये. घराला उजेड आणि वारा लागतो. मॉलचा मजला इतका खोल असतो की मधल्या खोल्यांना भिंतच मिळत नाही, मग खिडकी कुठे काढणार? शिवाय सगळे संडास एका कोपऱ्यात. दोनशे घरांची नळ आणि ड्रेनेजची लाइन टाकायची तर प्रत्येक मजल्याला भोकं पाडा. मजल्याची उंचीही घरापेक्षा खूप जास्त, ती वाया जाते. म्हणून बहुतेक वेळा जमीन ठेवतात आणि इमारत पाडतात.

अमेरिकेत हे आधी झालं. कोलोरॅडो राज्यातल्या लेकवूड गावात १९६६ मध्ये 'व्हिला इटालिया' नावाचा प्रचंड मॉल उघडला. २००१ मध्ये बंद पडला. तो जवळजवळ सगळा पाडून त्या शंभरेक एकरांत चक्क रस्ते आखले, चौक केले. खाली दुकानं, वर घरं. २००४ पासून तिथे 'बेलमार' नावाची वस्ती आहे. गंमत म्हणजे बंदिस्त मॉलचा जनक मानला जातो तो व्हिक्टर ग्रूएन. व्हिएन्नाचा माणूस, नाझींमुळे पळून अमेरिकेत आलेला. १९५६ मध्ये त्याने साउथडेल हा मॉल उभा केला, तेव्हा त्याच्या मूळ आराखड्यात भोवती घरं, शाळा, दवाखाना असं सगळं होतं. बांधला गेला फक्त मॉल आणि पार्किंग. म्हातारपणी तो म्हणायचा, या मॉलांशी माझा संबंध लावू नका.

खाली दुकान, वर घर. हे ऐकून तुम्हाला काही आठवतंय का? चावडी चौकातून सोमवार पेठेकडे जाताना मान वर करून बघा. खाली पेढी, वर माडी, मागे परसू. नगररचनेचे लोक आज 'मिक्स्ड यूज' म्हणून जे शिकवतात, ते आपल्या पेठांमध्ये कुणाची परवानगी न घेता शेकडो वर्षं चालत आलंय. मी पेठेची आरती ओवाळत नाहीये. गटार, अंधार, आग लागली तर बंब आत न येणं, हे सगळं तिथे आहेच. पण दुकान बंद पडलं तरी पेठ मरत नाही, कारण वर माणसं राहत असतात.

आता खऱ्या मुद्द्यावर येतो. मुंबईत मॉल उभे राहिले त्यातले काही गिरण्यांच्या जमिनीवर. लोअर परळच्या फिनिक्स गिरणीचा मॉल झाला, तिची चिमणी अजून उभी आहे. आणि त्या गिरण्यांमध्ये कोण होतं? कोकणातली माणसं, आणि आपली घाटावरची. कराड, पाटण, ढेबेवाडी खोरं. गावकीच्या एका खोलीत पाळ्या लावून झोपायचं, खाणावळीत जेवायचं, आणि महिन्याला घरी मनीऑर्डर. गोदीत-बाजारात ओझी उचलणारे माथाडीही याच भागातले. त्यांची संघटना बांधणारे अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि बहुतेकांसाठी तो संप कधी संपलाच नाही. गिरण्या बसल्या, पण जमीन सोन्याची झाली. १९९१ मध्ये सरकारने नियम केला, विकास नियंत्रण नियमावलीतला ५८ वा. गिरणीची जमीन विकसित करायची तर ढोबळमानाने तीन वाटे करा: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. सुमारे सहाशे एकरांचा प्रश्न होता.

२००१ मध्ये या नियमात बदल झाला. वाटणी करायची ती फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची, असा त्याचा अर्थ निघाला. गिरणी पाडून जी जागा मोकळी होईल ती त्यात धरायची नाही. आता गिरणीच्या आवारात मोकळी जागा असते किती? जिथे बघाल तिथे शेड. प्रकरण कोर्टात गेलं. उच्च न्यायालयाचा निकाल बदलाच्या विरोधात लागला, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २००१ चा नियम कायम ठेवला. एका शब्दाच्या अर्थाने वाटा आटला. मला विचाराल तर मुंबईच्या अलीकडच्या इतिहासातली ही सगळ्यात मोठी घटना आहे, आणि तिच्यावर एकही रील सापडत नाही.

घरांसाठी सुमारे दीड लाख कामगार आणि वारसांनी अर्ज केले. २०१२ च्या म्हाडाच्या सोडतीत घरं होती ६,९२५.

आणि अर्जासोबत पुरावा हवा. गिरणीचं तिकीट, हजेरी कार्ड, ईएसआयचा नंबर, फंडाची पावती. आपल्या भागातल्या किती घरांत त्या दिवसांत जुन्या ट्रंका उघडल्या गेल्या असतील, विचार करा. ज्याच्या आजीने पिवळं पडलेलं कार्ड जपलं तो रांगेत उभा राहिला. ज्याचं घर पावसात गळलं, तो बाहेर. याच्या उलट वरळीच्या बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचं घर मिळतंय, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. तिथे लोक जागेवर राहत होते आणि भाड्याच्या पावत्या नावावर होत्या.

म्हणून मॉलच्या जागी टॉवर येतो तेव्हा मी आधी एकच गोष्ट बघतो: या वेळी वाटा मागायला कुणी उरलंय का? मॉलमधला सिक्युरिटीवाला, सफाईवाली, फूडकोर्टमधला पोरगा, सगळे कंत्राटावर. दहा वर्षं काम करूनही हातात त्या मॉलच्या नावाचा एक कागद नाही. गिरणी कामगाराकडे निदान तिकीट तरी होतं.

आता कराड. आपल्याकडे मुंबईसारखे मॉल नाहीत, आहेत ती शॉपिंग सेंटर आणि गाळ्यांच्या इमारती. त्याही म्हाताऱ्या होणार. २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीने आपल्यासारख्या शहरांतही खाली दुकानं आणि वर घरं असलेल्या उंच इमारतींना वाट करून दिली आहे, रस्त्याच्या रुंदीप्रमाणे एफएसआय वाढतो. पाण्याची सोय कशी करावी हे शेजारच्या मलकापूरने २४ तास पाणी देऊन दाखवलंय. पूररेषा २००५ आणि २०१९ ला कृष्णा-कोयनेने आखून दिली आहे. आणि उंच बांधताना ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप विसरून चालणार नाही.

जुनी इमारत पाडली की गाळेधारकाला नव्या इमारतीत गाळा मागता येतो, करारनामा असतो त्याच्याकडे. त्याच्या दारात वीस वर्षं भेळेची गाडी लावणाऱ्याचं काय? २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात त्याच्यासाठी सोय आहे: सर्वेक्षण, नगर पथविक्रेता समिती, विक्रीचं प्रमाणपत्र. दत्त चौकात पुढच्या वेळी भेळ खाल तेव्हा गाडीवाल्या मामांना सहज विचारा, सर्वेक्षणात नाव आलंय का, आणि प्रमाणपत्र मिळालं असेल तर ते घरी कुठे ठेवलंय. विचारून मला मेसेज करा.