केशरी शर्टामागची गोष्ट: कॅनडातली मूळनिवासी मुलं आणि मनाचं दुखणं

हेडफोन लावलेत? मग सुरू करूया. आणि जे ऐकण्याऐवजी वाचताय त्यांच्यासाठी: बोलताना जिथे जिथे अडखळलो, तिथलं इथे जरा सरळ करून लिहिलंय. बाकी सगळं तसंच आहे.

आजचा विषय जड आहे, आधीच सांगतो. यात लहान मुलांचे हाल आहेत, आत्महत्येचा उल्लेख आहे. आज मन ठीक नसेल तर हा एपिसोड बाजूला ठेवा. नंतर ऐका, काही बिघडत नाही.

सुरुवात माझ्याच फजितीनं करतो. मी कॅनडात, ब्रिटिश कोलंबियात शिकायला गेलो ते पहिलं वर्ष. संध्याकाळी एका किराणा दुकानात पार्टटाइम काम करायचो. ३० सप्टेंबरला कामावर गेलो तर सगळे केशरी टी-शर्टात. मी मिरवणुकांमध्ये वाढलेला पोरगा, मला वाटलं काहीतरी उत्सव दिसतोय. हसत हसत विचारलं, "आज कसला सण?" माझ्या आईच्या वयाची एक बाई शेजारी डबे रचत होती. ती म्हणाली, "सण नाही. माझी आई त्या शाळेत होती." एवढंच बोलली आणि परत डबे रचायला लागली.

कुठली शाळा? मला काहीच माहीत नव्हतं. त्या रात्री वाचायला बसलो आणि पहाटेपर्यंत उठलो नाही.

तर हा केशरी शर्ट आहे फिलिस वेबस्टॅड यांचा. साल १९७३. फिलिस सहा वर्षांची. पहिल्यांदा शाळेत जायचं म्हणून आजीनं तिला नवाकोरा केशरी शर्ट घेऊन दिला. विल्यम्स लेक गावाजवळच्या निवासी शाळेत ती पोहोचली, तर तिचे कपडे काढून घेतले. तो शर्ट तिला परत कधीच मिळाला नाही. मोठेपणी तिनं ही गोष्ट सांगितली आणि २०१३ पासून ३० सप्टेंबरला केशरी शर्ट घालायची प्रथा पडली. २०२१ पासून तो राष्ट्रीय स्मरणदिन आहे.

एका शर्टाचं काय एवढं, असं वाटू शकतं. म्हणून थोडं मागे जाऊ.

१८८० च्या दशकापासून कॅनडाच्या सरकारनं मूळनिवासी मुलांसाठी निवासी शाळांची साखळी उभी केली. पैसा सरकारचा, कारभार चर्चचा. हेतू लपवलेला नव्हता: मुलांना आईबापांपासून, भाषेपासून, चालीरीतींपासून तोडायचं, म्हणजे पुढच्या पिढीत 'इंडियन' म्हणून कुणी उरणार नाही. १९२० मध्ये कायद्यात बदल करून सात ते पंधरा वयाच्या मुलांना सक्तीनं शाळेत नेण्याचा अधिकार सरकारनं घेतला. शेवटची शाळा बंद झाली १९९० च्या दशकात. म्हणजे तुमच्या-माझ्या मोठ्या भावंडांच्या जन्माच्या सुमारास! एकूण सुमारे दीड लाख मुलं या शाळांतून गेली.

आणि कुणाला कळलंच नाही असंही नाही. सरकारचेच वैद्यकीय अधिकारी डॉ. पीटर ब्राइस यांनी १९०७ मध्ये अहवाल दिला. ज्या शाळांनी माहिती दिली, तिथल्या १,५३७ मुलांपैकी जवळपास पाव मुलं दगावली होती, मुख्यतः क्षयानं. अहवाल बाजूला पडला, शाळा चालूच राहिल्या. आजवर या शाळांतल्या ४,१०० हून अधिक मुलांच्या मृत्यूची नोंद सापडली आहे.

आता मुद्द्यावर येतो, मनाच्या.

आईबाप व्हायला आपण कुठून शिकतो? कुणी क्लास लावत नाही. आईनं कसं थोपटलं, आजीनं तापात कपाळावर हात कसा ठेवला, बापानं चुकल्यावर काय केलं, ते बघून शिकतो. आता विचार करा, सहाव्या वर्षापासून एक मूल बराकीत वाढलं. आपली भाषा बोललं की मार. बहीण त्याच शाळेत, पण मुलींच्या बाजूला, बोलायला बंदी. कित्येकांवर लैंगिक अत्याचार झाले. दहा वर्षांनी ते घरी येतं तेव्हा त्याला आजीशी बोलता येत नाही. पुढे त्यालाच मूल होतं. त्या मुलाला कसं थोपटायचं?

काही जण दारूत बुडाले, काही जण गप्प झाले, काहींच्या घरात मारहाण आली. अमेरिकेतल्या लाकोटा समाजाच्या मारिया यलो हॉर्स ब्रेव्ह हार्ट या अभ्यासकानं अशा दुखण्याला नाव दिलं, 'ऐतिहासिक आघात'. म्हणजे एका माणसाच्या आयुष्यात न मावणारी, पिढ्यांवर साचत गेलेली जखम.

आणि मग व्यवस्थेनं काय केलं? त्या घरांकडे बोट दाखवून म्हणाली, "बघा, यांना मुलं सांभाळता येत नाहीत." १९५० च्या दशकापासून बालकल्याण खात्याचे लोक घरोघरी जाऊन मुलं उचलू लागले आणि ती गोऱ्या कुटुंबांना दत्तक किंवा सांभाळायला दिली. याला 'सिक्स्टीज स्कूप' म्हणतात. हे संपलं असं समजू नका. २०२१ च्या जनगणनेत, देशातल्या चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये मूळनिवासी मुलं ७.७ टक्के होती. पण सरकारी देखरेखीखाली परक्या घरी राहणाऱ्या मुलांमध्ये ५३.८ टक्के!

आता त्या आईच्या जागी बसून बघा. ती खचलीये, तिला रात्ररात्र झोप नाही. समोर फाइल आणि फॉर्म घेऊन एक भली बाई बसलीये, म्हणते, "मोकळेपणानं बोला." ती काय बोलणार? तिच्या घरात तीन पिढ्या फाइल आणि फॉर्मनंच मुलं नेली आहेत. 'मला जमत नाहीये' हे वाक्य तोंडातून गेलं, तर उद्या लेकरू जाईल. ब्रिटिश कोलंबियात तर २०१९ पर्यंत, बाळ जन्मायच्या आधीच आईबद्दल हॉस्पिटलला सावध करून ठेवायची पद्धत होती. अशा ठिकाणी समुपदेशकांची संख्या कितीही वाढवा, दार उघडत नाही.

मग दार उघडतं कशानं? याचं एक उत्तर दोन मानसशास्त्रज्ञांना सापडलं, मायकेल चँडलर आणि क्रिस्टोफर लालोंड. तेव्हा सगळे एकच वाक्य म्हणायचे, "मूळनिवासी तरुणांमध्ये आत्महत्या फार." या दोघांनी ब्रिटिश कोलंबियातल्या सुमारे २०० समुदायांची १९८७ ते १९९२ ची आकडेवारी वेगवेगळी करून पाहिली. आणि चित्रच बदललं! अर्ध्याहून जास्त समुदायांत त्या काळात एकाही तरुणानं आत्महत्या केली नव्हती. जवळपास ९० टक्के घटना फक्त १० टक्के समुदायांत घडल्या होत्या.

म्हणजे 'यांच्या रक्तातच आहे' वगैरे बोलणं साफ खोटं. मग त्या सुखरूप गावांत वेगळं काय होतं? त्यांनी सहा गोष्टी तपासल्या: गावाचा स्वतःचा कारभार, जमिनीच्या हक्कासाठीचा लढा, शाळा, दवाखाना, पोलीस-अग्निशमन या सेवा स्वतःच्या हाती असणं, आणि सांस्कृतिक कामासाठी हक्काची जागा. जितक्या जास्त गोष्टी गावाच्या हातात, तितक्या आत्महत्या कमी. सहाच्या सहा होत्या तिथे शून्य. हा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. २००७ मध्ये त्यांनी भाषेचं बघितलं. ज्या मोजक्या समुदायांत निम्म्याहून अधिक लोकांना आपली भाषा बोलता येत होती, तिथेही तरुणांच्या आत्महत्या जवळजवळ शून्यावर होत्या.

आता तुमच्यातले स्टॅटिस्टिक्सवाले म्हणतील, दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असं नव्हे. बरोबर आहे. पण प्रश्न विचारायची दिशा मात्र या अभ्यासानं बदलली. 'या पोराला काय झालंय?' याच्या आधी 'या पोराच्या गावाच्या हातून काय काय काढून घेतलं?' हे विचारावं लागतं.

कागदावर हे सगळ्यांना पटतं. प्रत्यक्षात काय होतं, त्याच्या दोन गोष्टी सांगतो.

पहिली, जॉर्डन रिव्हर अँडरसनची. मॅनिटोबातल्या नॉर्वे हाउस क्री नेशनचा हा मुलगा १९९९ मध्ये जन्मला, दुर्मीळ आजार घेऊन. तो दोन वर्षांचा झाला तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता घरी नेता येईल. पण घरच्या शुश्रूषेचा खर्च केंद्र सरकारनं द्यायचा की प्रांतानं, यावर वाद सुरू झाला. वाद चालला दोन वर्षांहून जास्त. २००५ मध्ये पाच वर्षांचा जॉर्डन हॉस्पिटलमध्येच गेला. घरात एक दिवसही न राहता. २००७ मध्ये संसदेनं एकमतानं 'जॉर्डन्स प्रिन्सिपल' मान्य केलं: आधी मुलाला मदत, पैशाचं भांडण नंतर.

दुसरी गोष्ट त्यानंतरची आहे. उत्तर ऑन्टारिओतलं वापेकेका, अगदी छोटं गाव. २०१६ च्या उन्हाळ्यात गावाच्या लक्षात आलं की काही मुली जिवाचं बरंवाईट करायचं ठरवताहेत. गावानं सरकारकडे लेखी मागणी केली, मुलांच्या मनासाठी काम करणारी माणसं नेमायला पैसे द्या. पैसे आले नाहीत. नंतर कारण सांगण्यात आलं की मागणी आली तेव्हा बजेटचं चक्र आडवेळेला होतं. जानेवारी २०१७ मध्ये त्या गावातल्या बारा वर्षांच्या दोन मुली गेल्या.

इथे मी थांबतो जरा.

त्या गावाला काय हवंय हे कुणी बाहेरून सांगायची गरज नव्हती. गावानं ओळखलं होतं, लिहूनही दिलं होतं. फक्त निर्णय दुसरीकडे व्हायचा. मे २०१७ मध्ये मानवी हक्क न्यायाधिकरणानं आपल्या आदेशात या प्रकरणाची दखल घेतली आणि जॉर्डन्स प्रिन्सिपल टाळाटाळ न करता, ठरलेल्या मुदतीत पाळायला सरकारला बजावलं. त्यामागे गिटक्सान समाजाच्या सिंडी ब्लॅकस्टॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ पासून चालवलेली लढाई होती. मनाच्या आरोग्याच्या इतिहासात मी या कोर्टातल्या लढाईलाही उपचारच म्हणेन.

मग आता प्रत्यक्ष काय चालतं? प्रत्येक समाजाचं वेगळं. आर्क्टिकमधल्या नुनावुतमध्ये इन्युइट लोकांनी पालकांसाठी कार्यक्रम तयार केला. त्याचं नाव 'इनुंगुइनिक', म्हणजे माणूस घडवणं. बाळाला कसं वाढवायचं हे जुनी जाणती माणसं सांगतात, शाळांनी जो धागा तोडला तोच पुन्हा बांधायचा म्हणून. काही ठिकाणी मुलांना आजोबांसोबत जंगलात, नदीवर नेतात. मासेमारी, शेकोटी, भाषा, आणि मधेच कधीतरी पोरगं स्वतःहून बोलायला लागतं. समोरासमोर खुर्च्या मांडून जे बोलता येत नाही, ते जाळं ओढताना बोलता येतं.

याचा अर्थ डॉक्टर नको, गोळ्या नको, असा काढू नका हं! कॅनडाच्या सत्य आणि सलोखा आयोगानं २०१५ मध्ये ९४ शिफारशी केल्या. त्यातली २२ वी म्हणते की रुग्णाची इच्छा असेल तेव्हा मूळनिवासी उपचारपद्धती, त्यांचे वैदू आणि वडीलधारी यांना सोबत घेऊन वापरा. 'रुग्णाची इच्छा असेल तेव्हा' हे शब्द महत्त्वाचे आहेत. निवड त्या माणसाची.

हे ऐकून आपल्याकडच्या आश्रमशाळा आठवल्या असतील. मला तरी आठवल्या. दोन्ही एकच, असं मी म्हणणार नाही. इथे आईबाप मूल शिकावं म्हणून पाठवतात, सुट्टीत पोरं घरी जातात. पण गोंडी किंवा कोरकू बोलणारं सहा वर्षांचं लेकरू मराठी वर्गात गप्प बसतं, तेव्हा 'हे बोलतच नाही' असा शेरा मारण्याआधी, आपण त्याच्याशी कुठल्या भाषेत बोललो, एवढं तरी बघायला हवं.

शेवटी एक स्वतःचं सांगतो. त्याच हिवाळ्यात मी पण कॉलेजच्या समुपदेशकाकडे गेलो होतो. माणूस चांगला होता. पण मला सांगायचं होतं 'जीव रमत नाही', आणि इंग्रजीत ते मला सांगताच येईना. 'सॅड' म्हणालो, 'लोनली' म्हणालो, काहीच बसेना. चार वाक्यं बोलून गप्प झालो. रात्री आईला फोन लावला, दोन शब्दांत तिला कळलं. माझी आई फोनवर होती, माझी भाषा शाबूत होती. दुकानातल्या त्या बाईच्या आईकडून नेमकं हेच काढून घेतलं होतं.

पुढच्या ३० सप्टेंबरला मी केशरी शर्ट घातला. तिनं बघितलं, मान हलवली. मी काही विचारलं नाही.

तुमचा जीव रमत नसेल तर कुणाशी तरी बोला, तुमच्या भाषेत बोला. भारतात टेली-मानस, १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतही. आणि हा एपिसोड कॅनडात शिकणाऱ्या आपल्या मित्रमैत्रिणींना नक्की पाठवा, म्हणजे 'आज कसला सण?' असं त्यांना विचारावं लागणार नाही.

काळजी घ्या. भेटू पुढच्या भागात.