कालव्याचा काठ आणि आपले स्मृतिदालन

सासवडच्या माळी बांधवांनी नीरेच्या कालव्याकाठी मळे फुलविले व पुढे स्वतःचा साखर कारखाना उभारला, ही हकीकत आपल्या घरोघरी अभिमानाने सांगितली जाते. परंतु ती सांगणारी माणसे विरळ होत चालली आहेत. या इतिहासाचे एक स्मृतिदालन आपण उभारावे, असे आम्हांस वाटते. त्यात काय असावे, याविषयी दोन शब्द.

१८७६-७७ च्या भीषण दुष्काळानंतर नीरेचा डावा कालवा खोदण्यात आला व १८८५ च्या सुमारास त्याचे पाणी सुटले. बारामती-इंदापूरकडील शेती मुख्यतः ज्वारी-बाजरीची. ऊस हे तर खत, पैसा व अष्टौप्रहर राबणूक मागणारे पीक. मोटेच्या पाण्यावर बागायत करण्याची विद्या आपल्या वाडवडिलांच्या हाती होती. त्यांनी सासवड सोडले, कालव्याखालील जमिनी खंडाने घेतल्या आणि पुंड्या ऊस लावला. चरकावर रस निघे, काहिलीत तो आटे, आणि चुलवणाची आच केव्हा मंद करावी हे गुळव्या केवळ नजरेने ठरवी. वर्षाची सारी कमाई त्या एका क्षणावर अवलंबून असे.

१९२८ साली भाटघरचे लॉइड धरण पुरे झाले व नीरेच्या उजव्या कालव्यास साठ्याचा आधार लाभला. पुढे जागतिक मंदीत गुळाचे भाव कोसळले. १९३२ साली साखरधंद्यास संरक्षण देणारा कायदा झाला, आणि त्याच साली ‘सासवड माळी शुगर फॅक्टरी’ स्थापन झाली. अकलूजजवळ तिच्याभोवती माळीनगर वसले. प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५० नंतर गाळप करू लागला. त्याच्या कितीतरी आधी ऊस पिकविणाऱ्यांनीच भाग भांडवल उभारून कारखान्याची मालकी मिळविली होती, हे विशेष होय.

तथापि केवळ जमेची बाजू लिहिलेली वही खरी नव्हे. त्याच कालव्याच्या पाण्याने अनेक जमिनी चोपण झाल्या. निचऱ्याविना दिलेले पाणी खालचा क्षार वर आणते, हा धडा दख्खनने मोठी किंमत देऊन घेतला. ज्यांच्या जमिनी आपण खंडाने केल्या ते मूळ मालक, फडात राबणारे तोडणी कामगार, आणि पहाटेपासून मळ्यात खपणाऱ्या आपल्याच माता-भगिनी, यांच्या कष्टांवाचून हे वैभव उभे राहिले नसते. त्यांस दालनात स्थान नसेल, तर ती वास्तू इतिहासाची न होता आत्मस्तुतीची होईल.

म्हणून तेथे चरक व काहील असावी, तशीच चोपण जमिनीची मातीही असावी. भागधारकांच्या दाखल्यांशेजारी खंडाची खतपत्रे व मजुरीच्या वह्या मांडाव्यात. कालव्याचा नकाशा भिंतीवर रेखून कोणते कुटुंब कोणत्या गावी स्थिरावले, हे त्यावर दाखवावे.

इमारतीस निधी लागेल, तो यथावकाश उभा राहील. पण जुनी वही एकदा वाळवीच्या मुखी पडली की कोणत्याही निधीने ती परत येत नाही. तेव्हा प्रत्येक कुटुंबाने आपल्या माळ्यावरील पेटी यंदाच उघडावी, कागद जपून ठेवावेत आणि घरातील वृद्धांच्या आठवणी त्यांच्याच शब्दांत लिहून घ्याव्यात, अशी आमची सर्व बंधुभगिनींस नम्र विनंती आहे.