न सुटणारा अंतरपाट

तर मंडळी, या विकांताचा विषय आहे बॅटरीतला पडदा. सेपरेटरला मराठीत काय म्हणावं यावर बराच वेळ डोकं खाजवलं आणि शेवटी 'अंतरपाट' आठवला. बॅटरीत दोन इलेक्ट्रोड समोरासमोर उभे. एकमेकांना टेकले की शॉर्टसर्किट, म्हणून मधे हा पडदा. पण आयन तर आरपार जायलाच हवेत, म्हणून त्याला अतिसूक्ष्म छिद्रं. लग्नातला अंतरपाट मंगलाष्टकं संपली की सुटतो. हा सुटला तर आगच!

कल्पना बॅटरीइतकीच जुनी आहे. १८०० साली व्होल्टाने धातूंच्या चकत्यांमध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले कापडाचे किंवा पुठ्ठ्याचे तुकडे ठेवले होते. पुढे शिसे-आम्ल बॅटरीत लाकडाचे पातळ पापुद्रे आले, मग रबर, मग प्लॅस्टिक. लोडशेडिंगच्या काळात आमच्या अंकुशनगरला (म्हणजे अंबड तालुक्यातली साखर कारखान्याची वसाहत) इन्व्हर्टर आले, त्यांच्या जडच्या जड बॅटऱ्यांतही असा पडदा होताच. पाणी घालायची आठवण सगळ्यांना, पडद्याची कुणालाच नाही. :)

१९९१ मध्ये सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली आणि पडद्याची जबाबदारी वाढली, कारण आतला द्रवच ज्वालाग्राही. पडदा पॉलिएथिलीनचा, साधारण २५ मायक्रॉन जाडीचा. सुमारे १३० अंशांना तो वितळतो, छिद्रं बुजतात आणि प्रवाह थांबतो. ही झाली सोय. पण तापमान आणखी चढलं तर तो आक्रसतो, आणि मग कडेला इलेक्ट्रोड भिडतात. मार्च २०२२ मध्ये पुण्यात लोहगावला रस्त्याकडेला उभ्या असलेल्या इलेक्ट्रिक स्कूटरने पेट घेतल्याचा व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. तिथे दोष पडद्याचाच होता असं मी म्हणत नाही. पण लिथियम बॅटरी पेटली की काय होतं, ते त्यात दिसतं.

यावर एक उपाय चक्क १९०२ सालचा आहे. अमेरिकेत कूली आणि मॉर्टन यांनी त्या वर्षी विजेने धागा ओढायची पेटंटं घेतली. जत्रेतले 'बुढ्ढी के बाल' आठवा. तिथे वितळलेली साखर गरगर फिरवून तंतू काढतात. इथे पॉलिमरचं द्रावण सुईतून सोडून हजारो व्होल्टने खेचतात. हवेतच द्रावक उडतो आणि काहीशे नॅनोमीटर जाडीचे तंतू एकावर एक पडून चटई तयार होते. १९३४ मध्ये फॉर्महाल्सने हे तंत्र पुढे नेलं, सोव्हिएत संघात त्यापासून हवेचे फिल्टर झाले, १९६४ मध्ये टेलरने गणित मांडलं. तरी त्याला खरी चालना मिळाली ती १९९०च्या दशकात, अ‍ॅक्रन विद्यापीठातल्या रेनेकर यांच्या कामामुळे.

या चटईत पोकळी ८० टक्क्यांपर्यंत असू शकते. नेहमीच्या पडद्यात ती ४० टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे द्रव जास्त शोषला जातो. पॉलिइमाइडसारखा पॉलिमर वापरला तर ती उष्णतेत फारशी आक्रसतही नाही. मग अडलंय कुठे? ताणाला ती कमी टिकते आणि तयार व्हायला वेळ लागतो. म्हणून बाजारात अजून जुन्या पडद्याचंच राज्य आहे.

मला आशा वाटते ती कापसाची. मुंबईत माटुंग्याला १९२४ पासून कापूस संशोधनाची प्रयोगशाळा आहे (आजची सिरकॉट), आणि तिथे कापसापासून नॅनोसेल्युलोजही बनवतात. ती पद्धत वेगळी, पण सेल्युलोज पॉलिएथिलीनसारखं वितळत नाही, हा मुद्दा मोठा. व्होल्टाचा पडदाही कापड-पुठ्ठ्याचाच होता की! सव्वादोनशे वर्षांनी गाडी पुन्हा तिथेच आली, तर आमच्या अंबडच्या कापसाला एक नवं गिऱ्हाईक मिळेल. बघू या.