पाच येत्यात, गुरुजी

आमच्या गावात ताल आधी अंगात यायचा, मग कानात. पुस्तकात आला तर आला.

पहाटे आजी दळायला बसली की मी तिच्या मांडीवर डोकं टेकून पडायचो. जात्याच्या फेऱ्याबरोबर मांडी हलायची, तिच्याबरोबर मीही. ओवीचा चरण कुठं लांबतो नि कुठं मिटतो, हे मला शब्द कळायच्या आधी कळलं. बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात, अशी नोंद आहे. म्हणजे आजीची ही शाळा आठशे वर्षांच्या पुढची.

दुसरी शाळा तालमीपुढच्या पटांगणात. लेझीम हा शब्द फारसीतला; मुळात ते दोरीऐवजी लोखंडी साखळी लावलेलं सरावाचं धनुष्य. पैलवानांच्या हातातली ही लेझीम पुढं शाळेच्या कवायतीत आली. ‘चार आवाज’, ‘एक जागा’, ‘दो रुख’ असे हुकूम सुटायचे आणि सगळी पोरं एकदम वाकायची. हलगीला आमच्याच वर्गातला एक गडी असायचा. त्याचा बाप गावची हलगी वाजवायचा. लेझीम संपली की तो वर्गात शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून.

1978 साली मी नववीत होतो. व्याकरणात वृत्तं आली. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. तीन अक्षरांचा एक गण, असे आठ गण. ‘यमाताराजभानसलगं’ आम्ही पाढ्यासारखं घोकलं. कळलं काही नाही. ‘मनाचे श्लोक’ आम्हाला लहानपणापासून तोंडपाठ. ते 205 श्लोक भुजंगप्रयातात आहेत, म्हणजे ओळीत चार वेळा य गण, लघु-गुरु-गुरु. पण पाठ असलेलं आणि फळ्यावरचं एकच आहे, हे कुणाच्या डोक्यात शिरेना.

एक दिवस गुरुजींनी खडू ठेवला. “चला रं भायेर. लेझमी घ्या.”

पटांगणात त्यांनी सांगितलं, लघूला आखूड पाऊल, गुरूला लांब. एक आखूड, दोन लांब. आम्ही श्लोक म्हणत निघालो आणि पार गोंधळ उडाला. लेझीम भलत्याच अक्षरावर वाजायला लागली. गुरुजी वैतागले. तेवढ्यात हलगी थांबली.

“गुरुजी, लेझमीत चार हाईत. ह्यात पाच येत्यात.”

गुरुजी त्याच्याकडं बघतच राहिले. मग बोटांवर मोजलं. एक, दोन आणि दोन. पाच!

“लेझमी ठेवा खाली,” ते म्हणाले. “आता हा वाजवंल तसं चालायचं.”

त्यानं पाचाचा ठेका धरला. पहिल्या गणात आखूड पाऊल उजवं पडलं, दुसऱ्यात डावं; चार गण झाले, बारा अक्षरं सरली, की पुन्हा उजवं. पटांगणाला तीन फेरे झाले आणि भुजंगप्रयात पायात बसलं. पुन्हा ते पाठ करावं लागलं नाही.

परीक्षेत मी बाकाखाली पाय हलवत गण पाडले. पैकीच्या पैकी मिळाले. त्यानं लघु-गुरूच्या खुणा बरोबर केल्या होत्या, पण गणांची नावं लिहिता आली नाहीत. पेपर दुसऱ्या मास्तरांनी तपासला. शून्य. बाकीच्या विषयांतही तो मागंच होता. नापास झाला आणि बापाबरोबर लग्नाच्या वरातीत वाजवायला जाऊ लागला. गुरुजी एकदा त्याच्या घरी जाऊन आले. तो काही परत आला नाही.

पुढं कॉलेजात माधव जूलियनांचं 1937 सालचं ‘छंदोरचना’ हाती आलं. मात्रांच्या आवर्तनांवर वृत्तं कशी उभी राहतात, ते त्यात सविस्तर होतं. वाचताना मला हलगी ऐकू येत होती.

मीही मास्तर झालो. भुजंगप्रयात शिकवायचं आलं की आधी पोरांना बाहेर काढायचो. मग पेपर तपासताना कुणाच्या खुणा बरोबर आणि नावं चुकलेली दिसली, की लाल पेन थांबायचा. अर्धे गुण द्यायचोच. त्याला मिळाले असते तर तो शाळेत टिकला असता, असं नाही. पण त्या पटांगणात पाच त्यानंच मोजले होते.