'रिव्हाइज' : एका क्रियापदाचें शिरूर-दौंडांतील चरित्र

इंग्रजींतील 'रिव्हाइज' हें क्रियापद मुळांत लॅटिन असून त्याचा धात्वर्थ 'पुन्हां पाहणें' एवढाच आहे. विद्यार्थी तें उजळणीस लावतो, ग्रंथकार दुसऱ्या आवृत्तीस. पाहिल्यावर बदल केलाच पाहिजे, आणि तोही अमुक एका बाजूसच, असें त्या धातूंत कांहीं नाहीं. ती बाजू त्यास भीमा व घोड या नद्यांच्या कांठीं कशी चिकटली, हें पाहण्यासारखें आहे.

मुंबई इलाख्यांतील नव्या जमाबंदीचा प्रारंभ गोल्डस्मिड व विंगेट यांनीं १८३६ सालीं इंदापूर तालुक्यांत केला. साऱ्याचे दर तीस वर्षांकरितां ठरलेले होते. मुदत सरतांच, १८६७ मध्यें, तेथें 'रिव्हिजन सर्व्हे' झाला आणि पुढील कांहीं वर्षांत तो भीमथडींत पोहोंचला. आजचे दौंड व बारामती हे तालुके त्या वेळीं भीमथडींतच मोडत. मराठींत याला फेरपाहणी म्हणावें. शब्द किती निरुपद्रवी! पण अधिकाऱ्यांनीं पुन्हां पाहिलें तें काय? अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें (१८६१-६५) कापसाचा भाव गगनास भिडला होता, धान्यही महागलें होतें, आणि आगगाडी दौंडावरून धावूं लागली होती. ही भरभराट टिकाऊ मानून आकारणी वाढविण्यांत आली. युद्ध संपलें, भाव उतरले. वाढीव आंकडे मात्र कागदावर चढून बसले होते. कुणब्याच्या अनुभवांत 'पुन्हां पाहणें' म्हणजे 'वाढविणें' हाच अर्थ उरला. २९ ऑक्टोबर १८७४ च्या ठरावानें सरकारनें स्वतःच मर्यादा घातली : तालुक्यावर शेंकडा ३३, एका गांवावर ६६, एका खात्यावर १००. मर्यादा कशास घालावी लागली यावरून क्रियापदाचा कल कळतो.

त्याच वर्षाच्या डिसेंबरांत शिरूर तालुक्यांतील करडें गांवीं सावकारांवर बहिष्कार पडला. १२ मे १८७५ रोजीं भीमथडींतील सुपें येथें बाजारच्या दिवशीं दंगा झाला व खतेंपत्रें जाळण्यांत आलीं. साऱ्यामुळेंच हें झालें, असें मला म्हणवत नाहीं. दंगे नगर जिल्ह्यांतही झाले, आणि लोकांचा रोख कचेरीवर नव्हता, सावकाराच्या दप्तरावर होता. चौकशी-आयोगानेंही मुख्य दोष कर्जबाजारीपणास दिला. तथापि त्याचेच एक सभासद ऑक्लंड कॉल्व्हिन यांनीं स्वतंत्र टिपण लिहून वाढीव आकारणीवर बोट ठेवलें, याची आठवण आमचे इतिहासकार फारशी करीत नाहींत.

यानंतरची गोष्ट अधिक चमत्कारिक आहे. १८७९ च्या दक्षिणी शेतकरी कायद्यांत कांहीं दाव्यांपुरतें अपील बंद करून त्या जागीं 'रिव्हिजन' ठेवण्यांत आलें. खालच्या न्यायाधीशानें दिलेला हुकूमनामा योग्य आहे कीं नाहीं याची खात्री करण्यासाठीं जिल्हा न्यायाधीश किंवा विशेष न्यायाधीश यांनीं कागद मागवावेत, पुन्हां पाहावेत व वाटल्यास फिरवावेत. विशेष न्यायाधीशाचें हें काम पुढें न्यायमूर्ति रानडे यांनींही केलें. शेताच्या बांधावर ज्या शब्दानें साऱ्याचा आंकडा वाढविला, त्याच शब्दाच्या आधारें आतां सावकाराचा हुकूमनामा तपासला जाऊं लागला. आजच्या कायद्याच्या मराठींत या अधिकारास 'पुनरीक्षण' म्हणतात. ईक्षण म्हणजे पाहणेंच.