स्वच्छ तंत्रज्ञानाचे पर्यावरणीय मूल्यमापन (गोवा)

खाणीतल्या धातूपासून निकामी सौरपॅनेलच्या विल्हेवाटीपर्यंत तंत्रज्ञानाच्या पूर्ण आयुष्याचा परिणाम व खर्च मोजण्याची पद्धत. गोव्यात मूल्यमापनातील उणिवा ठळक झाल्या त्या पेडणे तालुक्यातील मोपा पठारावर. तेथील विमानतळाला सौरऊर्जा, एलईडी दिवे व पर्जन्यजल-साठवणीची जोड आहे. मात्र २०१५ च्या पर्यावरण मंजुरीसाठीच्या अर्जात परिसरातील वनांची माहिती नीट दिलेली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्च २०१९ रोजी ती मंजुरी स्थगित केली. जानेवारी २०२० मध्ये ‘नीरी’ या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेच्या देखरेखीच्या अटीवर स्थगिती उठली. जांभ्याचे पठार पावसाचे पाणी मुरवते, त्यावर पायथ्याचे झरे व कुळागरे (सुपारी-नारळाच्या बागा) जगतात. असे पठार बांधकामाखाली जाण्याचा खर्च पॅनेलच्या मेगावॅटमध्ये दिसत नाही.

डिचोली तालुक्यात प्रश्न वेगळा. लोहखनिजाच्या जुन्या खाणींचे पाण्याने भरलेले खड्डे व मातीचे ढीग तेथे आहेत. पावसाळ्यात गाळ शेतात उतरतो. अशा बिघडलेल्या जमिनीवर सौरप्रकल्प उभारणे अखंड पठारापेक्षा रास्त, मात्र ढिगांची स्थिरता आणि खड्ड्यांतील पाण्यावरचा शेतीचा हक्क आधी तपासलेला असावा.