जिम मार्शल

मार्शल, जिम : (३ फेब्रुवारी १९३६ – २४ मार्च २०१०). रॉक व जॅझ संगीतकारांचे अमेरिकन छायाचित्रकार. जन्म शिकागोचा, जडणघडण सॅन फ्रान्सिस्कोची. हवाई दलातून परतल्यावर त्यांनी लायका कॅमेरा घेतला आणि शहरातल्या जॅझ क्लबांत ठाण मांडले. १९६० साली सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांनी त्यांना बर्कलीचा रस्ता विचारला. मार्शल यांनी सरळ गाडी काढून त्यांना तिथे पोचवले आणि बदल्यात फोटो काढायची परवानगी पदरात पाडून घेतली.

सर्वत्र वावरायची मोकळीक द्या, नाहीतर दुसरा माणूस शोधा, हा त्यांचा खाक्या पुढेही कायम राहिला. स्वभाव तापट, बंदुकांचा शौक. तरीही कलाकार त्यांना जवळ येऊ देत. २९ ऑगस्ट १९६६ रोजी कँडलस्टिक पार्कमध्ये बीटल्सचा शेवटचा तिकीट लावलेला जाहीर कार्यक्रम झाला, तेव्हा रंगमंचामागे प्रवेश मिळालेले छायाचित्रकार ते एकटेच. माँटेरे (१९६७) आणि वुडस्टॉक (१९६९) हे महोत्सवही त्यांनी टिपले.

सर्वांत गाजलेले छायाचित्र १९६९ मधले, सॅन क्वेंटिन तुरुंगातले. तुरुंगाधिकाऱ्यासाठी म्हणून एक फोटो होऊन जाऊ दे, असे मार्शल यांनी सुचवताच कैद्यांसाठी गायला आलेले कंट्री गायक जॉनी कॅश यांनी कॅमेऱ्यासमोर मधले बोट उगारले. हेच चित्र १९९८ मध्ये ‘बिलबोर्ड’ या संगीतविषयक साप्ताहिकातल्या पानभर जाहिरातीत झळकले. कॅश यांच्या अल्बमला ग्रॅमी मिळाले होते. त्याची गाणी न वाजवणाऱ्या कंट्री रेडिओचे ते उपरोधिक आभार होते.

ऑलमन ब्रदर्स या रॉक बँडच्या ‘अ‍ॅट फिलमोर ईस्ट’ (१९७१) या अल्बमच्या मुखपृष्ठावर वादक साहित्याच्या पेट्यांपुढे बसून मनमुराद हसताना दिसतात. सकाळी फोटो काढायचा म्हणून सगळे वैतागलेले. इतक्यात बँडचे गिटारवादक ड्वेन ऑलमन यांना ओळखीचा अमली पदार्थ विक्रेता दिसला. ते धावत गेले, ‘माल’ घेऊन परतले आणि साळसूदपणे जागेवर बसले. हशा पिकला, मार्शल यांनी कळ दाबली. मुखपृष्ठावर ऑलमन यांचे मांडीवरचे हात बघावेत. पुडी तिथेच लपली आहे.

पुढे प्रसिद्धी व्यवस्थापकांचे राज्य आले. कार्यक्रमात छायाचित्रकारांना पहिली तीन गाणी, फ्लॅश नाही, मग बाहेर, असा दंडक रूढ झाला. मार्शल यांना तो मानवणे शक्यच नव्हते. पाचशेहून अधिक अल्बमांवर त्यांची छायाचित्रे आहेत. २०१४ मध्ये त्यांना मरणोत्तर ग्रॅमी ट्रस्टीज पुरस्कार देण्यात आला; तो मिळालेले ते पहिले छायाचित्रकार.